अंश, छेद

क्विलटी सर अख्खा पाव घेऊन वर्गात यायचे,
सुरी टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे,
"कापायच्या आधी हा किती?"
एक, आम्ही ओरडायचो.
"लक्षात ठेवा. कापल्यावर सगळेच विसरतात."

मी शेवटच्या बाकावरची, मेंढ्या कातरणाऱ्याची मुलगी.
गणितात ढ. पण तासाच्या शेवटी तुकडा मिळे,
म्हणून अपूर्णांक मला आवडले.

बुलारा फ्लॅटमध्ये त्यांच्या आईबद्दल कोणी बोलत नसे.
म्हणजे बोलत, पण धान्याच्या कोठाराआड,
आणि आवाज उतरवून.
एडना क्विलटी. बेचाळीस अंश उन्हात
पोराला मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घालणारी,
रापला तर कळेल म्हणून.
तिच्या पर्समध्ये घडी घातलेला सरकारी दाखला होता:
सदर बाईस यापुढे आदिवासी समजू नये.
पुढच्या दाराने दुकानात जाता येईल.
नदीकाठच्या वस्तीत, सख्ख्या भावाकडे, जाता येणार नाही.
फोटो. शिक्का. रक्त: पाव.
वस्तीतले त्या कागदाला कुत्र्याचा बिल्ला म्हणत.

सर निवडणुकीला उभे राहिले ते शाळेची बस बंद झाली म्हणून.
तत्त्व वगैरे नंतर आलं.
पबमधल्या पहिल्याच सभेत मागून कोणीतरी विचारलं,
"मास्तर, तुम्ही नक्की किती टक्के?"
हशा पिकला. माझा बापही हसला, मी पाहिलं.
सरांचा हात खडूसाठी खिशात गेला.
खडू नव्हता.
"आईच्या कागदावर सरकारने काढलेलं एक उत्तर आहे,"
ते म्हणाले. "मी ते तपासलं.
रीतच चुकली आहे. मार्क शून्य."

मग ते नदीकडे गेले, मतं मागायला.
मामेबहीण डल्सी पायरीवरून उठली नाही.
"इतकी वर्षं कुठे होतास?"
"दोन किलोमीटरवर," सर म्हणाले,
आणि त्यापुढे त्यांना काही सुचलं नाही.

मतमोजणी आमच्याच वर्गात झाली.
मी रोजंदारीवर, पन्नासाचे गठ्ठे बांधत होते.
फळ्यावर कोणाचातरी अर्धवट भागाकार तसाच.
त्रेसष्ट मतांनी आले. मी तीनदा मोजली.

आठ वर्षं राजधानीत.
बस आली, दोन वर्षं उशिरा, एसीशिवाय.
एकदा अर्थमंत्र्यांची टक्केवारी भर सभागृहात दुरुस्त केली,
तेवढंच पेपरात छापून आलं.
आणि एकदा पाण्याच्या विधेयकावर
पक्षासोबत होयच्या बाजूला जाऊन बसले.
कापसाच्या शेतांना पाणी गेलं वरच्या अंगाला.
खाली नदीची डबकी झाली, डबक्यांत मासे उलटे.
मी त्यांना पत्र लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं,
टाइप केलेलं, खाली सही.
त्या सहीखाली मी लहानपणी कितीदा
"पुन्हा सोडव" वाचलं होतं.

पुढच्या खेपेला चारशे अकरा मतांनी पडले.
वस्तीच्या पेटीत सात मतं.
मी तीही तीनदा मोजली.

त्या रविवारी ते पायीच निघाले, गाडी असताना.
मी पेट्रोल पंपावरून पाहत होते:
उघडं डोकं, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या,
काखेत कागदात गुंडाळलेला पाव.
पुढचं डल्सीच्या नातीकडून कळलं.
ते पायरीवर बसले, न बोलावता.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
डल्सीने सुरी मागवली नाही.
हातानेच तोडला,
पहिला तुकडा कुत्र्याला टाकला,
मग मांडीवरचा चुरा झाडला
आणि उरलेला अख्खाच्या अख्खा
त्यांच्याकडे सरकवला:
"घे. मोज आता."